भाविक, उद्योगी, संसारी : डॉ. रामकृष्णपंत भांडारकर



थोर पुरुषांची चरित्रे आपण ऐकतो, तेव्हा आपल्या मनात बहुधा एक विचार येतो. आपण म्हणतो, 'हे सगळं खरं. पण ते पडले मोठे लोक. त्यांनी घरदार सोडलं, रानात तप केलं, नाही तर रणांगणावर देह ठेवला. आम्ही पडलो संसारी माणसं. आमच्यामागं मुलंबाळं, शेतीभाती, नोकरी. आम्हांला ते कसं जमावं?' आणि असे म्हणून आपण ते चरित्र आदराने देव्हाऱ्यात ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो.

म्हणून आज मी अशा एका माणसाची आठवण सांगणार आहे की, ज्याने घर सोडले नाही, नोकरी सोडली नाही, देवही सोडला नाही. बायकामुले सांभाळली, सरकारी शाळा-कॉलेजांतून जन्मभर शिकविले, नित्य उपासना केली आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य अखेरपर्यंत कामात घालविले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांचे नाव. पुण्यात त्यांच्या नावाची मोठी संस्था आहे, म्हणून नाव पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

रामकृष्णपंतांचा जन्म 6 जुलै 1837 रोजी मालवणास झाला. आज मालवण सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्या वेळी तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. समोर समुद्रात शिवछत्रपतींनी बांधलेला किल्ला, काठाला माडांच्या बागा आणि घरची स्थिती बेताची. वडील मुलकी खात्यात कारकून होते. कारकुनाच्या घरी काय असणार? दप्तर, दौत, बोरू आणि बदलीचा हुकूम. वडील रत्नागिरीस गेले तेव्हा मुलाला तेथल्या इंग्रजी शाळेत जाता आले. पुढे वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी हा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात शिकावयास गेला. आगगाडीचे रूळ तेव्हा नुकते मुंबईहून ठाण्यापर्यंत पडले होते. कोकणातल्या माणसाने मुंबई गाठावयाची ती समुद्रावरून.

मुंबईला 1857 साली विद्यापीठ निघाले आणि 1862 साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. किती होते ठाऊक आहे? चार! महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. आज गावागावांत पदवीधर आहेत. पण त्या वर्षी साऱ्या मुंबई इलाख्यात या विद्यापीठाचे बी. ए. झालेले एवढे चारच तरुण होते, आणि त्यांतला एक मालवणच्या कारकुनाचा मुलगा होता.

आता शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या संस्कृत विद्येसाठी भांडारकरांचे नाव पुढे युरोपपर्यंत गेले, ती विद्या काही त्यांना लहानपणी घरच्या पडवीत घोकून मिळालेली नव्हती. संस्कृताचा पक्का अभ्यास त्यांनी वयात आल्यावर, पुण्यास शास्त्र्यांपाशी बसून केला. इंग्रजी शिकलेला तरुण शास्त्रीबुवांच्या पुढ्यात मांडी घालून बसतो आणि व्याकरणाची सूत्रे पहिल्यापासून शिकतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. आपण तिशी उलटली की म्हणतो, 'आता काय शिकायचं राहिलंय!'

पुढे ते सिंधमधल्या हैदराबादेस आणि मग रत्नागिरीस हायस्कुलाचे हेडमास्तर झाले. वर्गात संस्कृत शिकवू लागल्यावर त्यांना अडचण दिसली. जुनी पद्धत अशी की, मुलाने आधी सगळी रूपे पाठ करावयाची. अर्थ मागाहून, कधी तरी. ज्याची चिकाटी मोठी तो टिके, बाकीचे गळत. भांडारकरांनी स्वतः क्रमवार धडे रचले. थोडे व्याकरण, लगेच त्यावरची वाक्ये, लगेच भाषांतराचा सराव, आणि मग पुढची पायरी. त्यांतून 'मार्गोपदेशिका' आणि 'संस्कृत मंदिरान्तःप्रवेशिका' ही दोन पुस्तके झाली. नावेच पाहा किती बोलकी आहेत! पहिले मुलाला वाट दाखविते. दुसरे त्याला देवळाच्या आत नेते. ही पुस्तके पुढे पिढ्यान् पिढ्या चालली. शाळामास्तराने वर्गातली अडचण पाहून लिहिलेले पुस्तक एवढे दीर्घायुषी होऊ शकते.

नोकरीत सगळेच मनासारखे झाले असे नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते काही वर्षे संस्कृताचे प्राध्यापक म्हणून हंगामी काम पाहत होते. कायमची जागा भरण्याची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना मिळाली. राज्य परक्यांचे, तेव्हा हे घडायचेच. दुसरा कोणी असता तर जन्मभर कुढत बसला असता. भांडारकर आपल्या कामाला लागले. पुढे जुन्या पोथ्या शोधण्याच्या सरकारी कामात हेच पीटर्सन आणि हेच भांडारकर दोघेही होते आणि दोघांनीही ते चोख केले. 1882 साली भांडारकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले व तेथून 1893 साली निवृत्त झाले. 1885 साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. 1886 साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्येच्या पंडितांची परिषद भरली, तिला ते समुद्र ओलांडून गेले. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले आणि 1911 साली सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. हे सारे मी भराभर सांगून टाकतो. मानमरातबांची यादी लांबवून माणूस कळत नाही.

माणूस कळतो तो त्याच्या श्रद्धेवरून आणि त्या श्रद्धेसाठी तो काय सोसावयास तयार आहे त्यावरून.

मुंबईस विद्यार्थी असताना भांडारकर 'परमहंस सभा' नावाच्या मंडळीत सामील झाले होते. जातिभेद मानू नये, ईश्वर एक आहे, असे मानणाऱ्या तरुणांची ही सभा. पण सारे काम चाले ते गुप्तपणे, दारे लावून. निरनिराळ्या जातींची मंडळी एकत्र बसून खात-पीत, परंतु हे बाहेर फुटता कामा नये अशी दक्षता. कारण गावाला कळले तर घरच्यांना वाळीत टाकतील ही धास्ती. आणि झालेही तसेच. 1860 च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. यात त्या तरुणांना हसण्यासारखे काही नाही. विचार पटणे आणि तो चारचौघांत आचरणे यांत मोठे अंतर असते, हे आपण सगळेच जाणतो.

यानंतर 31 मार्च 1867 रोजी मुंबईस प्रार्थनासमाज स्थापन झाला, आणि भांडारकर त्या समाजाचे आधारस्तंभ झाले. तेथे मूर्तिपूजा नव्हती, जातिभेद नव्हता. पण उपासनेला लागणारी वाणी त्यांनी बाहेरून आणली नाही. ती आपल्या संतांची घेतली. तुकोबांचे अभंग हा भांडारकरांच्या उपासनेचा प्राण होता. पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याला आणि प्रार्थनामंदिरात बसणाऱ्या या पंडिताला जोडणारा दुवा कोणता असेल, तर तो देहूचा वाणी. समाजाच्या मंदिरात ते उपासना चालवीत, प्रवचने करीत. त्यांच्या धर्मपर लेखांचा आणि व्याख्यानांचा मराठी ग्रंथ पुढे छापला गेला. व्याकरणाचा आणि शिलालेखांचा पंडित हाती टाळ न घेताही भक्तीत किती बुडालेला होता, हे त्यावरून दिसते.

आता कोणी विचारील, 'भक्ती आणि संशोधन यांचं जमतं कसं? एक म्हणतं विश्वास ठेव. दुसरं म्हणतं तपासून पाहा.' बहुतेकांच्या ठिकाणी या दोन गोष्टी भांडतात. भांडारकरांच्या ठिकाणी त्या भांडल्या नाहीत, कारण त्यांची अशी खात्री होती की, देव सत्य आहे, तर सत्य तपासल्याने देवाचे काही बिघडत नाही.

त्यांच्या तपासण्याचा एक नमुना सांगतो. पतंजलीचे महाभाष्य हा व्याकरणाचा मोठा ग्रंथ. पण तो लिहिला कधी? ग्रंथात साल नाही, तारीख नाही. पंडितांचे तर्क शेकड्यांनी वर्षे इकडेतिकडे जात होते. भांडारकरांनी 1872 च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला. त्यांनी व्याकरणाच्या उदाहरणांतच काळ शोधला! मास्तर वर्गात उदाहरण देताना आजूबाजूचेच देतो, नाही का? पतंजलीने वर्तमानकाळाचे उदाहरण देताना म्हटले आहे की, आम्ही येथे पुष्यमित्राचा यज्ञ करीत आहोत. म्हणजे पुष्यमित्र राजाचा यज्ञ तेव्हा चालू होता. दुसऱ्या ठिकाणी, बोलणाऱ्याने स्वतः पाहिली नाही पण त्याच्या हयातीत घडलेली आणि पाहता आली असती अशी गोष्ट कोणत्या भूतकाळात सांगावी, याचे उदाहरण देताना त्याने यवनांनी साकेत नगराला वेढा दिल्याचे सांगितले आहे. यवन म्हणजे ग्रीक. तेव्हा ग्रीकांची ती स्वारीही त्याच्याच काळातली. दोन्ही धागे जुळवून भांडारकरांनी सिद्ध केले की, पतंजली ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याला होऊन गेला.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. समजा, माळ्यावर आजोबांचे एक जुने पत्र सापडले. तारीख फाटून गेली आहे. पण पत्रात लिहिले आहे, 'येथे नव्या विहिरीचे काम चालू आहे.' विहिरीच्या दगडावर साल कोरलेले आहे. झाला की नाही पत्राच्या काळाचा निर्णय? वाचणाऱ्याला डोळे हवेत आणि धीर हवा, एवढेच.

हीच रीत त्यांनी देवाधर्माच्या इतिहासालाही लावली. वैष्णव, शैव आणि इतर पंथ यांचा त्यांचा ग्रंथ 1913 साली निघाला. तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. जुन्नरच्या वरच्या अंगाला नाणेघाट आहे; पुष्कळ श्रोत्यांनी तो पाहिला असेल. तेथल्या गुहेत सातवाहन राणीचा लेख कोरलेला आहे आणि त्याच्या आरंभी इतर देवांबरोबर संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन केले आहे. भांडारकरांनी असे शिलालेख पुढे मांडून दाखविले की, वासुदेवाची भक्ती या देशात ख्रिस्ताच्या जन्माच्या आधीपासून नांदत होती. तीच भक्ती पुढे नामदेव-तुकोबांपर्यंत कशी आली, हेही त्यांनी त्याच ग्रंथात सांगितले. विठ्ठल हे नाव विष्णू या शब्दापासून कानडी उच्चारातून आले असावे, असेही मत मांडले. ज्या विठोबाचे अभंग सकाळी उपासनेत म्हणावयाचे, त्याच्या नावाची फोड दुपारी टेबलाशी बसून करावयाची. त्यात त्यांना पाप वाटले नाही. उलट, आपल्या आईच्या माहेरची माहिती काढावी तसे ते काम त्यांनी प्रेमाने केले.

असो. हे झाले विद्येविषयी. पण श्रद्धेची खरी कसोटी ग्रंथांत लागत नाही, ती घरात लागते.

भांडारकर संसारी होते. मुलगे होते, मुली होत्या. मुलगे विद्वान निघाले. देवदत्त भांडारकर हे तर इतिहास-पुराणवस्तूंचे नामांकित संशोधक झाले आणि कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते. मुलींच्या शिक्षणाविषयी रामकृष्णपंतांना कळकळ होती. 1884 साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, जे आज हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध आहे, ते उभारण्यात रानडे आणि मोडक यांच्या जोडीला भांडारकर होते. पहिल्या चार पदवीधरांपैकी तिघे या कामात एकत्र आले.

अशा या घरावर एक घाला आला. त्यांची एक मुलगी विधवा झाली.

श्रोतेहो, त्या काळी विधवा होणे म्हणजे काय, हे आजच्या तरुण मुलामुलींना कदाचित कळणार नाही. पण जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. केशवपन, एकवेळ जेवण, मंगलकार्यात तोंड दाखवावयाचे नाही, घरातल्या कोपऱ्यात जन्म काढावयाचा. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता. पण कायदा कागदावर आणि रूढी दारात उभी! सुधारणेवर भाषणे देणारे पुष्कळ होते. स्वतःच्या घरात पाळी आली की पाय मागे घेत.

त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. न्यायमूर्ती रानड्यांसारखा थोर पुरुष, विधवाविवाहाचा कैवारी. पण 1873 साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली आणि त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवून थोर पदाला नेले, हे त्यांचे मोठेपण. पण पितृभक्ती आणि आपले मत यांची टक्कर झाली, तेव्हा मताला हार खावी लागली, हे खरेच. घरातली माणसे दुखवणे याइतके कठीण दुसरे काही नाही. सरकारशी भांडता येते. आईच्या डोळ्यांतल्या पाण्याशी भांडता येत नाही.

भांडारकरांपुढे तोच प्रसंग उभा राहिला. एका बाजूला पोटची मुलगी, तिचे सारे आयुष्य पुढे पडलेले. दुसऱ्या बाजूला जात, नातलग, लोकांची जीभ. त्यांत हा माणूस सामान्य नव्हे; डेक्कन कॉलेजचा संस्कृताचा प्राध्यापक, शास्त्रे जिभेवर असलेला. लोक म्हणणार, 'शास्त्र जाणणाऱ्यानंच शास्त्र बुडवलं!'

1891 साली रामकृष्णपंतांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. दारे लावून नव्हे. सगळ्या जगाच्या देखत.

आठवा, विद्यार्थी असताना हेच भांडारकर गुप्त सभेत बसत होते. ज्या गोष्टी तेव्हा दारे लावून मानल्या, त्या आता उघड्या मांडवात करून दाखविल्या. या दोन दिवसांच्या मध्ये जवळजवळ पस्तीस-चाळीस वर्षांचा अभ्यास, उपासना आणि संसार आहे. धैर्य असे एका रात्रीत येत नाही. विहिरीला पाणी लागते तसे ते खणत खणत लागते.

आणि त्याच वर्षी दुसरे एक वादळ उठले. संमतिवयाचा कायदा. मुलींच्या बाबतीत संमतीचे वय दहाचे बारा करावे, असा तो कायदा होता. आज ऐकतानासुद्धा अंगावर शहारे येतात; दहा आणि बारा! पण त्या बारालाही कडाडून विरोध झाला. गर्भाधानाचा संस्कार ठराविक वेळीच झाला पाहिजे, अशी शास्त्राची आज्ञा आहे. सरकारने त्यात हात घालू नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. लोकमान्य टिळकांसारखा बलाढ्य विद्वान त्या बाजूला होता. परक्या सरकारने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, हा टिळकांचा मुद्दा होता आणि गुलाम देशात त्या मुद्द्याला वजन होते. भांडारकरांनी काय केले? त्यांनी स्मृती, गृह्यसूत्रे आणि त्यांवरच्या टीका बाहेर काढल्या. मूळ वचने समोर ठेवून दाखविले की, शास्त्राची आज्ञा तुम्ही सांगता तितकी कडक नाही. विवाहाच्या वयाबद्दल जुन्या काळी निराळा आचार होता. दोन्ही बाजूंनी ग्रंथांवर ग्रंथ आणि वचनांवर वचने पुढे आली. वर्तमानपत्रांतून खडाजंगी झाली. अखेर मार्च 1891 मध्ये कायदा मंजूर झाला.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे. जो माणूस धर्म मानीत नाही, त्याने रूढी मोडली तर लोक म्हणतात, 'त्याला काय, त्याचा देवच नाही.' पण रोज देवाचे नाव घेणारा, शास्त्र कोळून प्यालेला माणूस जेव्हा म्हणतो की, ही रूढी धर्म नव्हे, तेव्हा त्याला उत्तर देणे कठीण जाते. भांडारकरांनी देवावरची श्रद्धा सोडून मुलीचे दुःख दूर केले नाही. श्रद्धा होती म्हणून केले. ज्या देवाला आपण दयाळू म्हणतो, त्याच्या नावाने लेकीला कोपऱ्यात बसवावयाचे, हे त्यांच्या भक्तीत बसेना.

नंतरही हा धागा तुटला नाही. अस्पृश्यता नाहीशी व्हावी म्हणून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1912 साली पुण्यास परिषद भरविली. तिचे अध्यक्षस्थान पंचाहत्तर वर्षांच्या भांडारकरांनी स्वीकारले.

आता त्यांच्या उद्योगाची एक शेवटची गोष्ट सांगतो. ती आपल्या गावांशीही जोडलेली आहे.

सरकारच्या वतीने जुन्या हस्तलिखित पोथ्या शोधण्याचे काम भांडारकरांनी कित्येक वर्षे केले, हे मी मघाशी म्हटले. त्यासाठी ते महाराष्ट्रात फिरले, गुजरातेत फिरले. पोथी म्हणजे नुसता कागद नव्हे. कोणा आजोबांनी बोरूने लिहून काढलेली, लाल कापडात बांधलेली, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेली. तिचा मालक ती परक्याच्या हाती सहज कसा देईल? त्याची समजूत घालावी लागे. कोठे वाळवीने अर्धे पान खाल्लेले, कोठे पावसात शाई पसरलेली. हजारो पोथ्या गोळा झाल्या, त्यांच्या याद्या झाल्या. कोणत्या पोथीत काय आहे, कोणी कधी लिहिली, याची टिपणे छापली गेली. हा संग्रह डेक्कन कॉलेजात ठेवलेला होता.

पुढे भांडारकरांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केले. भांडारकरांनी जन्मभर जमविलेली आपली ग्रंथसंपदा संस्थेला दिली. पाठोपाठ तो सरकारी पोथीसंग्रहही तेथे आला.

आणि या संस्थेने एक अचाट काम अंगावर घेतले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती! महाभारत साऱ्या देशात लिहिले गेले, वाचले गेले. काश्मिरात एक पाठ, बंगालात दुसरा, केरळात तिसरा. कोणी श्लोक घातले, कोणी गाळले. सगळीकडच्या पोथ्या समोर ठेवून, शब्दाशी शब्द ताडून, सगळ्यांत जुना पाठ कोणता ते ठरवावयाचे. 1 एप्रिल 1919 रोजी या कामाचा आरंभ झाला आणि पहिली ओळ भांडारकरांनी आपल्या हाताने लिहिली. त्यांचे वय त्या वेळी एक्याऐंशी.

काम किती मोठे होते, ते पाहा. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासावी लागली. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी 1925 साली संपादनाची धुरा घेतली आणि 1943 साली देह ठेवला. काम अपुरेच होते. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, परशुराम लक्ष्मण वैद्य आले. 1966 साली ते पूर्ण झाले. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे! पहिली ओळ लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक असणार. ज्याने उभा जन्म पोथ्या ताडण्यात घालविला, त्याला या कामाचा पल्ला कळला नसेल हे संभवत नाही. तरी त्यांनी लेखणी उचलली. मालवणचाच माणूस तो! कोकणातला म्हातारा फणसाची आठळी पुरतो, ती काही स्वतःसाठी नव्हे.

24 ऑगस्ट 1925 रोजी पुण्यास भांडारकरांचे देहावसान झाले. तो दिवस ऋषिपंचमीचा होता. घराघरांत ऋषींचे स्मरण चालू असताना हा आधुनिक ऋषी गेला.

श्रोतेहो, भांडारकरांसारखे पंडित आपण सगळे होणार नाही. त्याची गरजही नाही. पण त्यांच्या चरित्रातून दोन गोष्टी आपल्या घरापर्यंत आणता येतील.

पहिली अगदी साधी. आपल्या घरी माळ्यावर, देवघरात, जुन्या पेटीत एखादे बासन असेल. मोडी कागद असतील, पोथी असेल, एखादा ताम्रपट असेल. 'कोण वाचणार आता हे', असे म्हणून पुष्कळ लोक पोथ्या नदीत सोडतात, रद्दीत घालतात. कृपा करून तसे करू नका. कोरड्या जागी, स्वच्छ कापडात बांधून ठेवा. शाळेच्या शिक्षकांना दाखवा. शिक्षकांनी ती जवळच्या संशोधन संस्थेच्या नजरेस आणावी. मुलांना एक दिवस गावातले वीरगळ, देवळावरचा लेख, बारवेचा दगड दाखवायला न्यावे. पतंजलीचा काळ एका वाक्यावरून ठरला. तुमच्या बासनात कोणाचा काळ दडला आहे, हे कोणी सांगावे?

दुसरी गोष्ट अवघड आहे. आपण सगळे देवाधर्माची माणसे आहोत. वारी करतो, पारायणे करतो, एकादशी धरतो. पण घरातल्या एखाद्या मुलीवर, सुनेवर अन्यायाची वेळ येते, तेव्हा आपली भक्ती कोणाच्या बाजूला उभी राहते? जातीच्या, की त्या पोरीच्या? भाऊबंद काय म्हणतील याकडे पाहते, की देव काय म्हणेल याकडे? आजही नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, यावर घराघरांत कुजबूज होते. कायदे पुष्कळ झाले, पण ती कुजबूज कायद्याने बंद होत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या एका शब्दाने बंद होते. तो शब्द बोलायचा धीर हवा.

तो धीर एका संसारी माणसाने, मास्तरकी करीत, मुलेबाळे सांभाळीत, देवाचे नाव घेत दाखविला होता. त्याने घर सोडले नाही. घरातच राहून तो मोठा झाला.